टीव्हीला कॉम्प्युटर जोडायचाय? केबलपासून गडगडाटापर्यंत सगळं, गोव्याच्या हिशोबाने

लॅपटॉपच्या १४ इंची स्क्रीनवर एक्सेलची भली मोठी शीट उघडून डोळे बारीक करत बसायचं, आणि चार पावलांवर हॉलमधला ४३ इंची टीव्ही मात्र दिवसभर काळा पडून. रात्रीच्या सीरियल आणि मॅच सोडल्या तर त्याला कामच नाही. कधीतरी डोक्यात येतंच की ह्यालाच मॉनिटर केला तर? करता येतो, मी रोज तसंच काम करतो. पण पहिल्यांदा जोडलं की बहुतेक जण म्हणतात "छे, अक्षरं फाटतायत, काही उपयोगाचं नाही हे" आणि केबल ड्रॉवरमध्ये जाते ती जातेच.

दोष बहुतेक वेळा केबलचा नसतो आणि लॅपटॉपचाही नसतो. टीव्ही बनवलाय सिनेमा आणि मॅच दाखवायला, त्यामुळे आत येणारं चित्र तो आपल्या अकलेने सुधारायला बघतो, रंग चढवतो, कडा कापतो, मधल्या फ्रेम स्वतःच बनवून घालतो. आपलं काम एवढंच की त्याला सांगायचं, बाबा रे, येतंय ते जसंच्या तसं दाखव. ते कुठे आणि कसं सांगायचं ह्यातच सगळे अडकतात.

आधी हे हाताशी घ्या

- टीव्हीच्या मागच्या स्टिकरचा मोबाईलवर काढलेला फोटो, मॉडेल नंबर नीट वाचता येईल असा
- टीव्हीचं बिल आणि वॉरंटी कार्ड (भिंतीवरून काढायचा असेल तर लागतं, काही कंपन्या आपलाच माणूस पाठवतात)
- टीव्हीचा ओरिजिनल रिमोट, सेटटॉप बॉक्सचा नाही
- एचडीएमआय केबल, आणि गरज पडली तरच कन्व्हर्टर
- मोजपट्टी
- वायरलेस कीबोर्ड-माऊस
- तीन पिनचा, खरोखर अर्थिंग असलेला एक्स्टेंशन बोर्ड

बाजारात सगळ्यात शेवटी जा. म्हापशाला किंवा मडगावला जाऊन आधी केबल आणली आणि मग पोर्टच वेगळं निघालं, हे फार जणांचं होतं.

१. तुमचा टीव्ही नक्की किती ठिपक्यांचा आहे ते बघा

इंच नंतर, ठिपके (पिक्सेल) आधी. मॉडेल नंबर कंपनीच्या साईटवर टाका आणि रिझोल्यूशन बघा. तीनपैकी एक निघेल: एचडी रेडी म्हणजे बहुतेक १३६६ गुणिले ७६८, फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, आणि ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०.

इथे पहिला सापळा आहे. आपल्याकडे घराघरात जो ३२ इंची टीव्ही असतो तो बऱ्याचदा एचडी रेडी असतो. तो १०८०पी, म्हणजे फुल एचडीचा सिग्नल घेतो, स्क्रीनवर कोपऱ्यात १०८०पी लिहून पण दाखवतो, पण आत पॅनलवर ठिपके साडेदहा लाखच, म्हणजे वीस लाख ठिपक्यांचं चित्र तो चेपून बसवतो. सिनेमात कळत नाही. वर्डची फाईल उघडली की लगेच कळतं.

इंचाला किती ठिपके येतात ते बघा म्हणजे पुढचा अंदाज येईल. ऑफिसमधल्या साध्या २४ इंची फुल एचडी मॉनिटरला साधारण ९२ येतात. ३२ इंची एचडी रेडी टीव्हीला ४९. ४३ इंची फुल एचडीला ५१. आणि ४३ इंची ४के ला १०२, म्हणजे मॉनिटरपेक्षा जास्तच. तेव्हा ४३ चा ४के असेल तर तुम्ही नशीबवान, फुल एचडीचे चार मॉनिटर मधल्या पट्ट्यांशिवाय चिकटवल्यासारखी जागा मिळते. ४३ चा फुल एचडी असेल तर थोडं लांब बसून चालतं. ३२ चा एचडी रेडी असेल तर व्हिडिओ, मीटिंग, पोरांचे ऑनलाईन क्लास इतपतच, दिवसभर टायपिंगसाठी त्याच्या नादी लागू नका, त्यापेक्षा २४ इंची मॉनिटर घ्या.

२. लॅपटॉपला कुठलं तोंड आहे

साधं एचडीएमआय असेल तर प्रश्न मिटला, पण एक गोष्ट बघायची. जुन्या बऱ्याच लॅपटॉपचं एचडीएमआय १.४ चं असतं आणि ते ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच पाठवतं. माऊस हलवला की बाण मागून येतो, दोन तासांत डोकं दुखतं. ४के ला ६० वेळा पाहिजे तर एचडीएमआय २.० लागतं. तसं नसेल तर १०८०पी वर ६० ठेवा, ४के च्या ३० पेक्षा कामाला ते बरं.

एचडीएमआय नाहीच, फक्त यूएसबी-सी असेल तर अजून जपून. यूएसबी-सी दिसलं म्हणजे त्यातून चित्र बाहेर येतंच असं नाही, काही तोंडं नुसती चार्जिंग आणि फाईलींसाठी असतात. तोंडाच्या बाजूला थंडरबोल्टची विजेची खूण (नुसती चार्जिंगची नव्हे) किंवा डिस्प्लेपोर्टची खूण आहे का बघा, नाहीतर मॉडेलच्या माहितीत शोधा. आणि कन्व्हर्टर किंवा हब घेताना डब्यावर "४के" एवढंच मोठ्या अक्षरात आणि खाली बारीक अक्षरात "३० हर्ट्झ" (म्हणजे सेकंदाला ३० वेळा) असतं, तो घेऊ नका. ६० लिहिलेलाच मागा.

जुन्या पीसीला निळं व्हीजीए असेल तर व्हीजीए ते एचडीएमआय कन्व्हर्टर लागतो, दिशा बघून घ्या, एचडीएमआय ते व्हीजीए हा दिसायला तसाच असतो पण उलटा आणि तो चालणार नाही. व्हीजीएतून आवाज येत नाही, त्याची वेगळी वायर.

मोबाईलवर काम करायचं असेल तर सॅमसंगच्या वरच्या रेंजमधल्या फोनमध्ये डेक्स असतं, यूएसबी-सी ते एचडीएमआय लावलं की टीव्हीवर कॉम्प्युटरसारखं डेस्कटॉप येतं. बऱ्याच स्वस्त फोनांच्या यूएसबी-सी मधून मात्र चित्र बाहेर येत नाही, तेव्हा आधी खात्री करा.

३. केबल

ह्याच्यावर फार डोकं खपवू नका. सोन्याचा मुलामा वगैरेने चित्र सुधारत नाही, डिजिटल सिग्नल आहे, पोचतो नाहीतर तुटतो. ४के ६० साठी डब्यावर "प्रीमियम हाय स्पीड" असलेली घ्या, लांबी दोन-तीन मीटर. पाच मीटरच्या पुढे साध्या केबलवर ४के मध्ये मधूनच चित्र जातं, काळं होतं, परत येतं. एवढी लांब लागणारच असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय मिळते, तिला दिशा असते, एका टोकाला सोर्स आणि दुसऱ्याला डिस्प्ले लिहिलेलं असतं. उलटी लावली तर काहीच दिसत नाही आणि माणूस केबल खराब म्हणून परत करायला जातो.

४. जोडण्याआधी अर्थिंग बघा (हे वगळू नका)

जुन्या घरात, म्हणजे मातीच्या नाहीतर चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, वरून कौलं आणि वायरिंग आजोबांच्या काळातलं, तिथे बोर्डाला तिसरं भोक असतं पण त्याच्या मागे वायरच नसते. मग लॅपटॉप चार्जिंगला आणि एचडीएमआयने टीव्हीला जोडलेला असताना लॅपटॉपच्या धातूच्या अंगावरून उलटा हात फिरवला की बारीक झिणझिण्या येतात, गुदगुल्या झाल्यासारख्या. चार्जर आणि टीव्हीच्या आतल्या सर्किटमधून थोडासा करंट गळत असतो, त्याला जमिनीत जायला वाट मिळत नाही, म्हणून तो केबलच्या बाहेरच्या जाळीतून आणि तुमच्या हातातून वाट शोधतो. माणसाला त्याने सहसा काही होत नाही पण एचडीएमआयचं तोंड जाऊ शकतं, खास करून जोडता-जोडता बारीक ठिणगी उडाली तर.

आणि त्यात टीव्हीला केबलवाल्याची किंवा डिशची गोल वायर लावलेली असेल तर ती वायर बाहेरून, दुसऱ्याच कुठल्यातरी जमिनीचा दाब घेऊन आलेली असते. त्यामुळे माझा नियम असा: टीव्ही आणि चार्जर दोन्हींचे प्लग बोर्डातून काढायचे, गोल वायर पण काढायची, मग एचडीएमआय दोन्हीकडे लावायची, मग प्लग. दोन्ही प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डावर. झिणझिण्या येतच राहिल्या तर इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, नवीन रॉड घालायचा खर्च लॅपटॉपच्या मदरबोर्डपेक्षा कितीतरी कमी आहे. तोपर्यंत लॅपटॉप बॅटरीवर चालवा.

५. जोडा आणि विंडोजला सांगा

टीव्हीच्या मागे एचडीएमआयची दोन-तीन तोंडं असतात आणि सगळी सारखी नसतात. एखाद्यावर "४के ६० हर्ट्झ" लिहिलेलं असेल तर तेच पकडा. "एआरसी" लिहिलेलं साउंडबारसाठी राखा. रिमोटवर सोर्स किंवा इनपुट दाबून तेच एचडीएमआय निवडा.

लॅपटॉपवर विंडोजचं बटण दाबून धरून पी दाबा. चार पर्याय येतात, त्यातले कामाचे तीन. डुप्लिकेट म्हणजे दोन्हीकडे तेच, ह्यात बऱ्याचदा टीव्हीला पण लॅपटॉपचंच रिझोल्यूशन मिळतं आणि चित्र मऊ दिसतं, त्यामुळे रोजच्या कामाला नको. एक्स्टेंड म्हणजे दोन वेगळ्या स्क्रीन, हा सगळ्यात उपयोगाचा. सेकंड स्क्रीन ओन्ली म्हणजे फक्त टीव्ही.

मग सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले. टीव्हीचा चौकोन निवडा, रिझोल्यूशन पॅनलचं खरं असेल तेच ठेवा, आणि अॅडव्हान्स्ड डिस्प्लेत जाऊन ६० हर्ट्झ आहे का बघा, विंडोज कधीकधी गुपचूप ३० वर बसलेलं असतं. दोन चौकोन ओढून टेबलावर जसे आहेत तसे लावा, नाहीतर टीव्ही उजवीकडे आणि माऊस डावीकडून निघतो.

लॅपटॉप मिटून ठेवायचा असेल तर कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण बंद केल्यावर काय करायचं तिथे "काहीच नको" निवडा. गरम होतो का तेवढं बघा, मे महिन्यात तर नक्की.

६. टीव्हीची "अक्कल" बंद करा

सगळी गंमत इथे आहे. डिचोलीच्या एका मित्राने फोन केला, "दादा, ह्याला स्टार्ट बटणच नाही रे." बटण होतं, टीव्हीने खालची पट्टी कापली होती. ह्याला ओव्हरस्कॅन म्हणतात, जुन्या काळी ट्यूबच्या टीव्हीत चित्राच्या कडा वेड्यावाकड्या यायच्या म्हणून चित्र थोडं मोठं करून कडा फ्रेमखाली लपवायचे, ती सवय आजच्या सपाट टीव्हीतही राहिलीय. नुसत्या कडाच जात नाहीत, सगळं चित्र दोन-चार टक्के ताणलं जातं आणि त्यामुळे प्रत्येक अक्षर धूसर होतं. टीव्हीच्या पिक्चर साईज किंवा आस्पेक्टमध्ये जा. एलजीत "जस्ट स्कॅन", सॅमसंगमध्ये "फिट टू स्क्रीन", सोनीत डिस्प्ले एरिया "फुल पिक्सेल", बाकी बऱ्याच टीव्हींत "डॉट बाय डॉट" असं काहीतरी सापडेल. मॉडेलप्रमाणे नावं थोडी हलतात. उलटं, चारी बाजूंनी काळी पट्टी येत असेल तर ते टीव्हीचं नाही, लॅपटॉपच्या ग्राफिक्स सॉफ्टवेअरमध्ये स्केलिंगची पट्टी असते ती शून्यावर आणा.

त्यानंतर इनपुटचं नाव. हे ऐकायला येडपटपणा वाटतो पण एलजी आणि सॅमसंगच्या बऱ्याच टीव्हींत त्या एचडीएमआय इनपुटचं नाव किंवा आयकॉन बदलून "पीसी" केलं की टीव्ही आत वेगळाच वागायला लागतो. कारण असं: सिनेमाच्या चित्रात जागा वाचवायला चार ठिपक्यांच्या चौकोनाला एकच रंग देतात, उजेड तेवढा प्रत्येकाचा वेगळा. माणसाच्या चेहऱ्यावर कळत नाही, पण निळ्या पट्टीवरची लाल अक्षरं शाई पसरल्यासारखी दिसतात. पीसी केलं की प्रत्येक ठिपक्याला आपला रंग मिळतो. सोनीत त्यासाठी पिक्चर मोड "ग्राफिक्स" ठेवा. ४के ६० पूर्ण रंगात पाहिजे तर त्या तोंडाचं सेटिंग पण वाढवावं लागतं, सॅमसंगमध्ये "इनपुट सिग्नल प्लस", एलजीत "अल्ट्रा एचडी डीप कलर", सोनीत एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट "एन्हान्स्ड".

बाकीचं पटापट: शार्पनेस जवळजवळ शून्य (सोनीत मात्र मधला ५० हाच साधा असतो), नॉईज रिडक्शन बंद, फ्रेम वाढवणारं जे काय असेल, ट्रूमोशन, मोशनफ्लो, ते बंद. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद. इको सेन्सर बंद, नाहीतर खोलीतला उजेड बदलला की स्क्रीन आपोआप उजळते आणि मंद होते. पीसी मोड नसेल तर गेम मोड लावा, माऊसचा उशीर कमी होतो. बॅकलाईट दुकानातल्यासारखा १०० वर असेल तर निम्म्यावर आणा, एवढ्या जवळून तो डोळ्यात घुसतो. काळा रंग राखाडी दिसत असेल तर टीव्हीतला ब्लॅक लेव्हल आणि लॅपटॉपच्या ग्राफिक्समधला फुल-लिमिटेड रेंज जुळत नाहीये, दोन्ही एकसारखे करा.

७. अक्षरांची परीक्षा

इंग्रजी अक्षरांवर जाऊ नका, ती मोठी आणि मोकळी असतात, धूसर टीव्हीवर पण वाचता येतात. आपली देवनागरी कडक परीक्षक आहे. नोटपॅड उघडा, साईज ११ ठेवा आणि टाईप करा: घर धर, भरण मरण, पोट षट्कोन, कार्य कर्म, अंश आंस, द्ध द्द ह्य. नेहमी बसता तिथून बघा. घ चं वरचं वळण आणि ध ची गाठ वेगळी दिसली, रफार शिरोरेघेत बुडाला नाही, अनुस्वाराचा ठिपका सुटा दिसला, तर काम झालं. भ आणि म मध्ये गोंधळ होतोय तर आधी परत पायरी ६, मग डिस्प्लेतलं स्केल वाढवा. ४३ इंची ४के ला मीटरभर लांबून १०० ते १२५ टक्के बरोबर, सोफ्यावरून २०० पर्यंत जावं लागतं. शेवटी स्टार्टमध्ये क्लिअरटाईप शोधा, तो पाच-सहा नमुने दाखवतो, त्यातले स्पष्ट वाटतात ते निवडत जा. काही टीव्हींच्या पॅनलमध्ये लाल-निळ्याचा क्रम उलटा असतो, तेव्हा ह्याने बराच फरक पडतो.

८. ठेवायचा कुठे

४३ इंची टीव्ही साधारण ९५ सेंटिमीटर रुंद. टेबल पुढून-मागे रुंद पाहिजे, डोळ्यापासून ८० सेंटिमीटर ते एक मीटर तरी अंतर राहू दे, आणि स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा खाली. सोफ्यासाठी भिंतीवर उंच लावलेल्या टीव्हीखाली टेबल ढकलून बसलात तर आठवड्यात मान धरते.

भिंतीवरच खाली घ्यायचा असेल तर चिऱ्याची भिंत आहे हे माउंट लावणाऱ्याला आधीच सांगा. चिरा मऊ आणि भोकाभोकांचा, ड्रिल मारलं की लाल भुकटी पडते आणि भोक हवं त्यापेक्षा मोठं होतं, साधा छोटा प्लग आत गरगर फिरतो. लांब फास्टनर लागतात किंवा केमिकल अँकर. मला विचाराल तर भिंत खरवडू नका, टीव्हीबरोबर आलेले पाय लावा आणि टेबलावर ठेवा. खिडकी तुमच्या पाठीमागे नको, चकचकीत पॅनलमध्ये अख्खं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) दिसतं.

९. आवाज आणि मीटिंग

जोडल्या-जोडल्या आवाज टीव्हीतून येईल, नाही आला तर टास्कबारच्या स्पीकरवर क्लिक करून आऊटपुट बदला. मीटिंगला हेडफोन लावा, टीव्हीचा आवाज लॅपटॉपच्या माईकमध्ये शिरून घुमतो. कॅमेरा लॅपटॉपवर आणि तुम्ही बघताय टीव्हीकडे, समोरच्याला तुमचा कान दिसतो, म्हणून बोलताना मीटिंगची विंडो लॅपटॉपवर घ्या. नोटिफिकेशन बंद ठेवा. गणेश चवथीला घर भरलेलं असताना व्हॉट्सअॅपचा मेसेज ४३ इंचात वाचला जाणं कुणालाच परवडणारं नाही.

१०. वायरलेस?

टीव्हीत मिराकास्ट (बिनतारी चित्र पाठवायची सोय) असेल तर विंडोजचं बटण आणि के दाबलं की तो सापडतो. फोटो दाखवायला, एखादं प्रेझेंटेशन करायला ठीक. टायपिंगला नाही, अक्षर दाबल्यावर उशिरा उमटतं आणि चित्र दाबून पाठवल्यामुळे बारीक मजकूर पुसट होतो.

११. पाऊस, लाईट आणि गडगडाट

लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, टीव्ही बंद, आणि सगळ्या विंडो लॅपटॉपवर येऊन पडतात, घाबरू नका, काम जात नाही. टीव्ही इन्व्हर्टरवर घ्यायचा तर स्टिकरवरचे वॅट बघा, ४३ इंची साधारण ६० ते १०० च्या आसपास असतो. राऊटर आधी इन्व्हर्टरवर घ्या, टीव्ही नंतर.

ओएलईडी टीव्ही असेल तर टास्कबार आपोआप लपणारा करा आणि वॉलपेपर काळा, एकच पट्टी महिनोन् महिने तिथेच राहिली तर तिचा डाग कायमचा बसतो. साध्या एलईडीला ही भीती नाही.

समुद्राजवळ राहणाऱ्यांनी न वापरलेली एचडीएमआय तोंडं रबराच्या टोपीने झाका, खाऱ्या हवेने आतले पत्रे हिरवे पडतात. पावसाळ्यात टीव्ही आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका, ओल धरतो.

आणि गडगडाट. एप्रिल-मेच्या संध्याकाळी आणि परत ऑक्टोबरला जोरात होतो. नुसतं स्विच बंद करून भागत नाही, टीव्हीचा आणि चार्जरचा प्लग काढा, डिशची किंवा केबलची गोल वायर काढा, राऊटरचा प्लग आणि लॅपटॉपला लॅन वायर असेल तर ती पण काढा, आणि एचडीएमआय लॅपटॉपच्या बाजूने सोडवा, कारण गोल वायरीतून टीव्हीत आलेला झटका पुढे लॅपटॉपमध्ये जायला तोच रस्ता आहे. हे सगळं आभाळ भरून येतंय तेव्हाच, गडगडाट ऐकू यायला लागल्यावर वायरींना हात लावायचा नाही. लाईट परत आली की लगेच प्लग घालू नका, दहा मिनिटं जाऊ द्या, दाब स्थिर झाला की मग पायरी ४ च्याच क्रमाने परत जोडा.